परतीचं भाडं

दर वर्षी जून महिन्यात शाळा सुरू झाली की मी माझ्या वर्गाला एक प्रश्न विचारते, "तुमच्या घरी कोण कोण काम करतं, आणि कुठे जाऊन करतं?" मग काय, भराभर हात वर होतात! कुणाचे बाबा बेस्टमध्ये असतात, कुणाचे रिक्षा चालवतात, कुणाची आई चार घरी पोळ्या लाटते, तर कुणाचे आईबाबा दोघंही सकाळची ७.४२ ची फास्ट पकडून फोर्टला जातात. मी फळ्यावर एकेका गावाचं नाव लिहीत जाते. ठाणे, भांडुप, दादर, अंधेरी, फोर्ट. फळा भरून जातो.

माझी स्वतःची लेक आमच्याच शाळेत शिकते. ती पहिलीत असताना तिच्या बाईंनी हाच प्रश्न विचारला, तर ही ठसक्यात म्हणाली, "माझे बाबा घरातच ऑफिसला जातात!" सगळा वर्ग हसला. घरी येऊन ती मला म्हणाली, "आई, मी खोटं बोलले का गं?"

नाही, ती अगदी खरं बोलली होती. तिचे बाबा चित्रं काढतात. परदेशात लहान मुलांसाठी गणिताची पुस्तकं आणि संगणकावरचे धडे तयार होतात ना, त्यांतल्या सफरचंदांच्या राशी, आगगाडीचे डबे आणि घड्याळं हे आमच्या मुलुंडच्या घरात, खिडकीजवळच्या टेबलावर तयार होतात. काम बहुतेक इंग्लंडहून येतं आणि चित्रं इथून तिकडे जातात. त्यांना कुणी साहेब नाही. ऐकायला मजेचं वाटतं ना? पण साहेब नाही म्हणजे पगाराची तारीख नाही, दिवाळीचा बोनस नाही, आजारपणाची रजा नाही आणि म्हातारपणासाठी फंडही नाही. जितकी चित्रं, तितके पैसे. साहेबही आपणच आणि शिपाईही आपणच!

आता मुख्य गोष्ट सांगते. गेल्या वर्षी आमची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. उपनगरात राहणाऱ्या पुष्कळ मुलांना हे सांगायला नको. सोसायटीची मीटिंग होते, मोठी माणसं रात्री उशिरापर्यंत वाद घालतात, आणि एक दिवस दारावर कागद लागतो की अमुक तारखेपर्यंत घर रिकामं करा. बिल्डर भाडं देणार, आणि तीन वर्षांनी नवं घर. तोवर भाड्याच्या घरात राहायचं.

त्या रात्री जेवताना हे म्हणाले, "भाड्यानंच राहायचं, तर मुलुंडमध्येच कशाला? माझं काम तर एका पिशवीत मावतं. जगात कुठेही राहू शकतो आपण."

माझा घास हातातच राहिला. लेक मात्र उडी मारून उठली आणि माझा शाळेचा नकाशासंग्रह, म्हणजे अ‍ॅटलास, घेऊन आली.

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण असं फिरत काम करणाऱ्या माणसांना आता एक नाव आहे, 'डिजिटल नोमॅड'. नोमॅड म्हणजे भटका. आपल्याकडे दिवाळी झाली की धनगर मेंढ्या घेऊन घाट उतरतात आणि कोकणात येतात. पण ते डोंगर छान दिसतो म्हणून येत नाहीत. चारा कुठे, पाणी कुठे, आणि आपल्या मेंढ्यांना कुणाच्या शेतात बसू देतील, हे आधी बघतात. आम्ही मात्र पहिल्या रात्री नेमकं उलटं केलं. नुसती चित्रं बघितली! निळा समुद्र, बर्फाची छपरं, फुलांच्या बागा. रात्री बारा वाजेपर्यंत आम्ही तिघांनी मिळून सात देश पसंत केले होते. सासूबाई तेवढ्या गप्प होत्या.

आणि या घाईत आम्ही फसलो. तेही सांगते, कारण आपली चूक सांगायला शिक्षकाने लाजू नये. यांना एक एजंट भेटला. तो म्हणाला, "एस्टोनिया देशाचं ई-रेसिडेन्सी कार्ड काढून देतो. कार्ड मिळालं की तुम्ही तिकडचे रहिवासीच!" त्याने पंधरा हजार रुपये आगाऊ घेतले. एस्टोनिया हा युरोपातला छोटासा देश. त्याची सगळी लोकसंख्या तेरा-चौदा लाखांच्या घरात आहे. आपल्या एकट्या मुंबई उपनगर जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ९३ लाखांहून जास्त माणसं मोजली गेली होती! तर या चिमुकल्या देशाने २०१४ साली खरोखरच असं कार्ड सुरू केलं. पण ते कशासाठी, तर जगात कुठेही बसून एस्टोनियात कंपनी काढता यावी आणि संगणकावरून चालवता यावी म्हणून. त्या कार्डाने त्या देशात राहण्याचा, एवढंच काय, पाऊल ठेवण्याचाही हक्क मिळत नाही. हे तिथल्या सरकारच्याच माहितीत स्वच्छ लिहिलेलं आहे. आम्ही ते वाचलं, पण पैसे देऊन झाल्यावर. पैसे परत मिळाले नाहीत.

मी चिडले. मग शांत झाल्यावर मनात म्हटलं, अगं, तू मुलांना रोज सांगतेस ना, "आधी उदाहरण नीट वाचा, काय दिलंय आणि काय काढायचंय ते लिहा, मग आकडेमोड करा"? मग घरी हे का नाही करत? दुसऱ्या दिवशी मी लेकीची पाटी घेतली आणि तिच्यावर प्रश्न लिहिले.

पहिला प्रश्न. काम देणारी माणसं जागी कधी असतात?

यासाठी मी वर्गातलं पुठ्ठ्याचं घड्याळ घरी आणलं. इंग्लंडचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. तिकडे सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा मुलुंडला दुपारचे अडीच झालेले असतात. आणि तिकडचं ऑफिस साडेपाचला बंद होतं, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अकरा. म्हणजे लेक शाळेतून येते, तेव्हा बाबांचं काम ऐन रंगात, आणि ती झोपते तेव्हाही चालूच. आता थायलंडला गेलो तर? तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. म्हणजे काम संपायला रात्रीचे साडेबारा! आणि जपानला गेलो तर पहाटेचे अडीच! लेकीने पुठ्ठ्याचे काटे फिरवून फिरवून हे स्वतः शोधून काढलं आणि म्हणाली, "आपण डाव्या हाताला जायचं, आई. उजव्या हाताला गेलो तर बाबा घुबड होतील." तुम्हीही नकाशा समोर धरून बघा, ती बरोबर बोलली की नाही!

दुसरा प्रश्न. ते सरकार आपल्याला राहू देईल का?

इथे पुष्कळ नवं शिकायला मिळालं. २०२० साली करोनामुळे सगळं जग घरात बसलं. पर्यटक येईनात. तेव्हा अनेक देशांच्या लक्षात आलं, की आपला पगार, आपलं काम बाहेरून आणणारी माणसं जर वर्षभर राहायला आली, तर ती इथे भाडं देतील, भाजी घेतील, आणि इथल्या लोकांच्या नोकऱ्याही घेणार नाहीत. मग अशा लोकांसाठी वेगळे परवाने निघाले. एस्टोनियाने २०२० साली काढला. दुबईनेही त्याच वर्षी काढला. पोर्तुगालने २०२२ साली, थायलंडने २०२४ साली. पण प्रत्येकाच्या दारावर वेगळी पाटी! पोर्तुगाल म्हणतो, आमच्या देशात कमीत कमी जेवढं वेतन ठरलेलं आहे, त्याच्या चौपट तुमची कमाई हवी. थायलंड म्हणतो, पाच लाख बाथ शिल्लक दाखवा, म्हणजे आपले बारा लाखांहून जास्त रुपये. यांची कमाई एका महिन्यात बरी, दुसऱ्या महिन्यात अर्धी. आम्ही तीन वर्षांच्या वह्या काढल्या आणि सरासरी काढली. सरासरी कशी काढतात ते तुम्हाला माहीत आहेच. तिचा असा उपयोग होईल असं मात्र मला डी.एड. करताना वाटलं नव्हतं!

जपानची गोष्ट निराळी. त्यांनी २०२४ साली असा सहा महिन्यांचा परवाना सुरू केला, पण तो ठरावीक देशांच्या नागरिकांसाठीच. त्या यादीत भारताचं नाव नव्हतं. लेकीने विचारलं, "का नाही? बाबांची चित्रं चांगली नाहीत का?" ह्यांना उत्तर सुचेना. मी म्हटलं, "बाळा, दारावरचा माणूस आधी चित्र बघत नाही, पासपोर्ट बघतो." तिने जपानवर पेन्सिलीने बारीकशी फुली मारली. माझ्या अ‍ॅटलासवर ती फुली अजून आहे.

आणि कर? तोही आलाच. वर्षातले १८२ दिवस भारतात राहिलं, की आयकराच्या हिशेबात माणूस इथला रहिवासी धरला जातो. दुसऱ्या देशांचेही असेच दिवस मोजायचे नियम असतात. दोन देशांच्या मधोमध उभं राहून कुठेच कर भरायचा नाही, असं चालत नाही, बरं का!

तिसरा प्रश्न शाळेचा. हा मी अधोरेखित केला.

पोर्तुगाल मला मनातून आवडला होता. आपलं आणि त्यांचं नातं जुनं. मुंबईची बेटं त्यांच्या राजकन्येच्या लग्नात इंग्रजांना आंदण मिळाली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती त्यांच्याकडूनच. आणि पाव, बटाटा, बादली, चावी, इतकंच काय, पगार हा शब्दसुद्धा आपण त्यांच्याच भाषेतून घेतला! पण तिथल्या साध्या शाळेत शिकवणार पोर्तुगीजमध्ये. तिसरी-चौथीतलं मूल म्हणजे नुकतं कुठे स्वतःच्या भाषेत मनातलं चार ओळी लिहायला लागलेलं. माझ्या वर्गात दुसऱ्या राज्यांतून मुलं येतात, तेव्हा पहिले सहा महिने ती कशी मुकी बसून राहतात, ते मी पाहिलं आहे. हुशार मुलंही. ती शिकतात, नाही असं नाही. पण त्यासाठी घरी कुणीतरी शेजारी बसावं लागतं, आणि ती किती दिवस तिथे राहणार, हेही बघावं लागतं. एका वर्षासाठी नवी भाषा, आणि मग परत चौथीच्या मराठी पुस्तकापुढे? मी पोर्तुगालच्या पुढे प्रश्नचिन्ह काढलं. एस्टोनियाचं तेच. त्यातून तिथे डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा. दुबईत भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत, पण फी आणि भाडं यांची बेरीज केल्यावर मी पेन्सिल खाली ठेवली.

चौथा प्रश्न लिहिला, आजारी पडलो तर? नोकरी असली की कंपनी काही खर्च उचलते. इथे विमा आपला आपण काढायचा. आणि पाचवा प्रश्न, तिथे आपलं असं कोण आहे?

पाटी भरत आली होती. लेक माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिने एकदम विचारलं,

"आई, तू तिथे काय करणार?"

मित्रांनो, खरं सांगते, हा प्रश्न आमच्यापैकी कुणीच लिहिला नव्हता. मीसुद्धा नाही! यांचं काम पिशवीत मावतं. माझं नाही मावत. माझं काम म्हणजे बेचाळीस मुलं, एक फळा, आणि खिडकीतून येणारा पाचरस्त्याचा आवाज. माझी डी.एड.ची पदविका दुसऱ्या देशात चालणारी नाही. आणि यांतल्या काही परवान्यांवर गेलेल्या कुटुंबाने तिथे जाऊन स्थानिक नोकरी करायची नसते. मग मी काय, दिवसभर दुसऱ्याच्या घराच्या खिडकीत बसणार? त्या रात्री मी वह्या तपासायला घेतल्या, पण एकाच पानावर अर्धा तास बसून होते.

ह्यांनी ते पाहिलं असावं. सकाळी पाटीवर त्यांच्या अक्षरात सहावा प्रश्न लिहिलेला होता, 'आई तिथे काय करणार?' आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

इतके दिवस सासूबाई काही बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी दुपारी शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "सातवा प्रश्न कोण लिहिणार?"

"कुठला हो, आई?"

"परत कसं यायचं?"

आणि मग त्यांनी जे सांगितलं, ते मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. माझे सासरे देवगड तालुक्यातून बोटीने मुंबईला आले. भाऊच्या धक्क्यावर उतरले तेव्हा खिशात एक कागद होता, त्यावर लालबागच्या एका चाळीतल्या खोलीचा नंबर. ती खोली कुणा एकाची नव्हती, अख्ख्या गावाची होती! गिरणगावात अशा गावकीच्या खोल्या पुष्कळ असत. एका खोलीत पंधरा-वीस जण. रात्रपाळीचे दिवसा झोपायचे आणि दिवसपाळीचे रात्री. जेवायला बाईंची खानावळ. "तुझ्या सासऱ्यांनी मुंबई निवडली नाही," सासूबाई म्हणाल्या, "त्यांनी ती खोली निवडली. आधी माणूस बघायचा, मग मुलूख."

"आणि परत यायचं काय?" लेकीने विचारलं.

"लग्न झाल्यावर मी मुंबईला निघाले, तर माझ्या सासूने पदराच्या टोकाला पैसे बांधून दिले. म्हणाली, हे परतीचं भाडं. काही झालं तरी याला हात लावायचा नाही. मी हसले होते. मग १९८२ साली गिरण्यांचा संप झाला. महिन्यामागून महिने पगार नाही. शेजारची माणसं भांडी विकून भाडं भरत होती. आम्ही ते पैसे सोडले आणि गावी गेलो. घरचा भात होता, कुळीथ होता. दोन वर्षं तिथे काढली. उपाशी नाही राहिलो. मग परत आलो, मुलुंडच्या कारखान्यात चिकटलो." त्यांनी शेंगांची टोपली बाजूला केली. "जाणं कुणालाही जमतं गं. परतीचं भाडं ज्याच्याकडे आहे, तो खुशीने जातो. ज्याच्याकडे नाही, तो अडकतो."

मी पाटीवर सातवा प्रश्न लिहिला.

आता गंमत ऐका. त्याच संध्याकाळी लेक अ‍ॅटलासवर बोट फिरवत होती. मुंबईवर बोट ठेवलं आणि ती खाली, डाव्या हाताला, समुद्रातून सरकत गेली. विषुववृत्त ओलांडलं, आणखी खाली गेली, आणि एका ठिपक्यावर थांबली. मॉरिशस! आपली मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ अंशांवर, आणि मॉरिशस दक्षिणेला २० अंशांवर. जवळजवळ आरशातलं प्रतिबिंब! म्हणून आपल्याकडे उन्हाळा असतो तेव्हा तिकडे थंडी. डोडो नावाचा तो न उडणारा पक्षी फक्त याच बेटावर होता, आणि तो कधीच नामशेष झाला.

मी शाळेच्या वाचनालयातून मॉरिशसची माहिती आणली आणि वाचताना चकित झाले. १८३४ सालापासून इंग्रजांनी उसाच्या मळ्यांसाठी भारतातून मजूर नेले. काय होतं माहीत आहे, त्या वर्षी मजूर घेऊन गेलेल्या एका पहिल्या जहाजाचं नावच 'अ‍ॅटलास' होतं! ते कलकत्त्याहून गेलं. पुढे मद्रासहून आणि आपल्या मुंबई बंदरातूनही जहाजं गेली, आणि त्यांत कोकणातली मराठी माणसं होती. सगळे मिळून साडेचार लाखांच्या आसपास भारतीय तिथे उतरले. पोर्ट लुई बंदरात ज्या सोळा दगडी पायऱ्या ते चढले, त्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात. २००६ साली ती जागतिक वारसा म्हणून जाहीर झाली.

त्या मजुरांना गिरमिटिया म्हणत. अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे करार, या शब्दाचं झालं गिरमिट. करार पाच वर्षांचा. आणि सुरुवातीला त्यात परतीचा प्रवास फुकट लिहिलेला असे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ती सवलत काढून टाकली. हे वाक्य मी मोठ्याने वाचलं, तेव्हा सासूबाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत. बोलायची गरजच नव्हती.

पण ती माणसं मिटून गेली नाहीत. आज मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते. तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांत, ज्यांना हवी त्यांना, मराठी भाषा शिकवली जाते! मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे. घरात ती माणसं बहुतेक क्रिओल बोलतात, पण मुलांना मराठी अक्षरं गिरवायला लावतात. पाच-सहा पिढ्या झाल्या तरी! आणि इथे माझ्या वर्गातली काही मुलं मला विचारतात, "बाई, मराठी शिकून काय मिळणार?" मी आता त्यांना मॉरिशसची गोष्ट सांगते.

आम्ही पाटी पुन्हा समोर घेतली. मॉरिशसचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणजे यांचं हिवाळ्यातलं काम रात्री अकराऐवजी साडेनऊला संपेल. बरोबर! २०२० साली या देशानेही बाहेरचं काम घेऊन येणाऱ्यांसाठी एक वर्षाचा परवाना काढला. आम्ही पाहिलं तेव्हा त्याची अट होती महिन्याला १,५०० डॉलर, आणि मुलामागे आणखी ५००. म्हणजे आम्हाला सुमारे पावणेदोन लाख रुपये दाखवायला हवेत. यांची तीन वर्षांची सरासरी त्याच्या थोडी खाली भरली! म्हणजे अजून एक काम मिळवावं लागेल. विमा हवाच. मुंबईहून विमान साधारण सहा तासांचं. वादळांचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल. शाळेपुढे मी अजून प्रश्नचिन्हच ठेवलं आहे. ते तिथे जाऊन, तिथल्या शिक्षकांना भेटूनच पुसता येईल.

आणि सहावा प्रश्न? त्याचं उत्तर कुणी मला दिलं नाही, मीच शोधायला लागले. नोकरी करता येणार नसेल, तर शिकता तर येईल! तिथल्या मराठी शिकवणाऱ्या शिक्षिका घरात मराठी न बोलणाऱ्या मुलांना पहिलं अक्षर कसं शिकवतात, ते मला पाहायचं आहे. माझ्या वर्गातली ती मुकी बसणारी मुलं आहेत ना, त्यांच्यासाठी.

तर आम्ही काय ठरवलं? ऐका. घाई करायची नाही. यंदा मुलुंडलाच, शाळेपासून दोन गल्ल्या सोडून, भाड्याचं घर घेतलं आहे. येत्या मे महिन्याच्या सुट्टीत तीन आठवडे मॉरिशसला नुसतं पाहुणे म्हणून जायचं. काम न्यायचं नाही. बाजार, दवाखाना, शाळा, शेजार सगळं डोळ्यांनी पाहायचं. लेकीची चौथी झाली की, सगळं जमलं तर, एका वर्षासाठी जायचं. मी वर्षभराच्या बिनपगारी रजेसाठी अर्ज दिला आहे. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. 'नाही' असं आलं, तर आम्ही पुन्हा पाटी घेऊन बसू. सासूबाई म्हणतात, "मी मेमध्ये येईन. वर्षभर नाही. माझं भजनी मंडळ आहे, माझे डॉक्टर आहेत. मी इथे दार उघडं ठेवते, तुम्ही फिरून या." हे ऐकून ह्यांचे डोळे भरून आले. कुठल्याही देशाने इतका चांगला परवाना आम्हाला दिला नव्हता.

आमच्या नव्या घरात फडताळावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. लेकीने त्यावर कागद चिकटवलाय, 'परतीचं भाडं. हात लावू नये.' दर महिन्याला त्यात पैसे पडतात. हे टाकतात, मी टाकते, आणि लेक तिच्या खाऊचे दोन रुपये टाकते. मॉरिशसला जायचे पैसे अजून जमायचे आहेत, पण परत यायचे आधी जमताहेत!

बालमित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कित्येकांचं काम असंच पिशवीत मावणारं असेल. कुठे राहायचं हे तुम्हालाच ठरवावं लागेल. तेव्हा चित्रं जरूर बघा, पण शेजारी एक पाटी ठेवा. आणि घरातल्या प्रत्येकाला त्यावर एकेक प्रश्न लिहू द्या, सर्वांत लहानालाही आणि सर्वांत म्हाताऱ्यालाही. आमच्या पाटीवरचे सर्वांत महत्त्वाचे दोन प्रश्न त्या दोघींचेच होते.

आणि हो, आज संध्याकाळी एक करा. आजीला किंवा आजोबांना विचारा, "तुम्ही इथे कुठून आलात, आणि इथेच का आलात?" उत्तर ऐकताना अ‍ॅटलास उघडा आणि त्यांचं गाव शोधा. सापडलं नाही, तर त्यांनाच बोट ठेवायला सांगा.